चार वाजताची सत्यप्रत

अंबिका दिघे यांना मुरुडमध्ये कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. त्या पाळण्यात होत्या तेव्हाही लोक त्यांना 'बाई'च म्हणत असावेत, असा माझा अंदाज आहे. छत्तीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका. उंची पाच फूट आणि दरारा पार खाडीपलीकडे दिघीपर्यंत. लग्न केलं नाही. का केलं नाही याची आमच्या आळीत चार कारणं सांगितली जातात. त्यातली दोन मीच पसरवलेली असल्यामुळे ती खोटी आहेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

निवृत्त झाल्यावर सरकारनं बाईंना विशेष कार्यकारी अधिकारी केलं. नाव भारदस्त, काम एकच. लोकांनी झेरॉक्स आणायची, बाईंनी ती मूळ कागदाशी ताडून बघायची आणि जुळली तर 'सत्यप्रत' असा गोल जांभळा शिक्का मारून खाली सही करायची. कॉलेजचा प्रवेश असो की नोकरीचा अर्ज, त्या शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. असे अधिकारी गावात आणखीही होते, नाही असं नाही. ते चहा पिता पिता गठ्ठ्यावर सह्या करायचे. एक तर पत्ते पिसता पिसता करायचा, आणि पत्ते जास्त काळजीपूर्वक बघायचा.

बाईंची रीत निराळी. पडवीत टेबल, टेबलावर भिंग, स्टॅम्पपॅड आणि शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी. आलेल्यानं मूळ कागद हातात धरून ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायची. बाई झेरॉक्सवर पट्टी खाली खाली सरकवत जायच्या. ओळ जुळली की पट्टीचं टोक टेबलावर एकदा आपटायचं. टक. नाही जुळली तर दोनदा. टक टक झालं की समोरचा आपणहून कागद गोळा करायला लागायचा. एका नगरसेवकाचा जन्मदाखला भरल्या पडवीतून असा टक टक होऊन परत गेला होता. गृहस्थ झेरॉक्स काढता काढता तीन वर्षांनी तरुण झाले होते.

आणि मूळ न आणता आलेल्याला तर खुर्चीसुद्धा नाही. "मूळ दाखवा," एवढे दोनच शब्द. मूळ अलिबागला राहिलंय, मूळ साहेबांकडे आहे, मूळ आजीच्या पेटीत आहे आणि पेटीची चावी हरवलीय, काहीही सांगा. "मग आधी चावी शोधा."

दहाएक वर्षांपूर्वी सरकारला साक्षात्कार झाला. ज्यानं त्यानं आपल्या कागदाच्या प्रतीवर आपणच सही करावी, दुसऱ्याच्या शिक्क्याची गरज नाही, असं फर्मान निघालं. बाई म्हणाल्या, "म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यानंच पेपर तपासायचा." पाठोपाठ सातबारा डिजिटल झाला, दाखले डिजिटल झाले, सही करणारा साहेब कुठे बसतो ते कुणाला दिसेनासं झालं. बाईंच्या नेमणुकीची मुदत संपली, ती पुन्हा वाढली नाही. पडवीतली रांग आधी चौघांची झाली, मग एकाची, मग कुणाचीच नाही.

टेबल मात्र हललं नाही. दर सोमवारी सकाळी बाई पॅडवर शाईचे दोन थेंब टाकायच्या, सुकू नये म्हणून. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस एकच, मासळीवाली मनुबाई. तिच्याशीही काय, तर "मांदेली ताजी आहे?" "ताजी हाय बाय." "कालही हेच म्हणालीस." झालं. पुढं उद्यापर्यंत शांतता. समोरच माझी पडवी. तिथून मला बाईंचं फाटक, टेबल आणि अर्धी खुर्ची दिसते. त्या खुर्चीत बसलेल्या बाई तासन् तास वाटेकडे बघायच्या आणि मी त्यांच्याकडे बघतोय असं दिसलं की वर्तमानपत्र उघडायच्या. वर्तमानपत्र परवाचं असायचं.

अशात देवव्रत वैशंपायन मुंबईहून आले.

आमच्या आळीच्या टोकाला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. जन्म गेला मुंबईत, हवामान खात्यात. बायको वारली, मुलगा हर्षद खारघरला बाराव्या मजल्यावर; म्हणून हे एकटेच वाडीत येऊन राहिले. कानानं ठार बहिरे म्हटलं तरी चालेल. यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा खिशात. आणि खात्याची सवय अशी अंगात भिनलेली, की ठामपणे काही म्हणून सांगायचे नाहीत. "चहा घेणार का?" विचारलं तर "शक्यता आहे." 

एका दुपारी चार वाजता ते हातात कागद घेऊन बाईंच्या फाटकातून आत गेले. मी पडवीत पुढे सरकून बसलो. कागद होता सातबाऱ्याचा, नवा, डिजिटल सहीचा.

"मूळ दाखवा," बाई म्हणाल्या. मग ते ऐकू गेलं नाही हे ओळखून आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मूळ!"

"मूळ असं काही नसतं आता," देवव्रतराव म्हणाले. "मोबाइलात येतं ते. तेच मूळ."

"मग मोबाइलची झेरॉक्स काढून आणा."

शिक्का मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला गृहस्थ पुन्हा हजर. या वेळी अकरावी मॅट्रिकचं सर्टिफिकेट, खाकी पाकिटात, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं, आणि त्याची झेरॉक्स. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची सत्यप्रत कुठल्या कचेरीत द्यायची असेल, तुम्हीच सांगा. बाईंनी विचारलं नाही. खुर्ची दिली. ते वाचत गेले, पट्टी वाजत गेली. बहिऱ्या माणसाला ती टेबलावर ठेवलेल्या तळहातातून कळायची.

मग ती रोजची गोष्ट झाली. आज रेशनकार्ड, उद्या नोकरीचं नेमणूकपत्र, परवा देवीच्या लशीचा दाखला. एकदा तर मिक्सरचं गॅरंटी कार्ड आणलं. मिक्सर मोडीत गेलेला, गॅरंटी तीस वर्षांपूर्वी संपलेली. बाईंनी तेही ओळ न् ओळ ताडलं. "मिक्सर पाण्यात बुडवू नये," देवव्रतराव खणखणीत आवाजात वाचत होते. टक. "लहान मुलांच्या हाती देऊ नये." टक. मी इकडे हसून हसून आडवा.

एकदा बायकोचा मृत्युदाखला आणला होता. त्या दिवशी मी हसलो नाही. ते वाचताना मध्ये दोनदा थांबले, आणि पट्टीही तेवढा वेळ थांबली. त्या संध्याकाळी बाईंनी त्यांना दोनदा चहा दिला.

आळीत बोलणं व्हायचंच. मनुबाई माझ्या पायरीवर टोपली टेकून म्हणाली, "भाऊ, बाय आता सकालीच मासली रांधते. दुपारी दारं खिडक्या उघडून वास घालवते. चार वाजता तो बामण येतो ना!"

"कागद तपासायला येतो तो," मी म्हणालो.

"व्हय, कागद!" मनुबाई म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं बी मला कागदच दाखवला हुता पयला. होडीचा."

मी बाईंना छेडल्याशिवाय राहतोय थोडाच. एकदा फाटकाशी उभा राहून विचारलं, "काय बाई, वैशंपायनांची सगळी कागदपत्रं खरी निघाली का? की काही दोष सापडला?"

"तुमचा जन्मदाखला आणा भाऊ," बाई म्हणाल्या, "मला फार दिवस शंका आहे."

पण एक गंमत बघा. सात वर्षांत ते दोघं कागदाशिवाय एकदाही भेटले नाहीत. बाई त्यांच्या वाडीत गेल्या नाहीत. देवव्रतराव हात हलवत कधी आले नाहीत. ट्रंकेतले कागद संपले तेव्हा त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. नवे कागद सगळे डिजिटल, ते बाईंना चालायचे नाहीत. म्हणून जुनेच फिरून फिरून. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. पेन्शनर जिवंत आहे असं लिहिलेला तो कागद ते बँकेत एक द्यायचे, आणि बाईंसाठी एक वेगळा आणायचे. त्याला मात्र मूळ लागत नसे. समोर बसलेलंच असायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये देवव्रतराव विहिरीच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. हर्षद गाडी घेऊन आला आणि तासाभरात वाडीला कुलूप लावून त्यांना घेऊन गेला. गाडी आमच्या आळीतून गेली तेव्हा बाई फाटकात उभ्या होत्या. मागच्या सीटवर ते आडवे, यंत्र खिशात. बाई काही म्हणाल्या असत्या तरी ऐकू गेलं नसतं.

त्यानंतर पाच महिने चार वाजता टेबलापाशी बाई एकट्या. मला कसंतरीच व्हायला लागलं. सवयीनं मी चारला पडवीत यायचो आणि बघायला काही नसायचं. "फोन लावून देऊ का?" मी दोनदा विचारलं. 

"त्यांना ऐकू येतं का?"

"नातीशी बोला. मृणालीचा नंबर आहे माझ्याकडे."

"आणि काय सांगू? कशासाठी फोन केला म्हणून?"

मी मोबाइल खिशात घातला.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी माझ्या मोबाइलवर मृणालीची फाइल आली. खाली लिहिलेलं, 'आजोबांचा हयातीचा दाखला. यंदा घरीच मोबाइलवर चेहरा दाखवून झाला. आजोबा म्हणतात, दिघे बाईंना एक प्रत लागते.'

मी चपला न घालता रस्ता ओलांडला. बाईंनी मोबाइल हातात घेतला नाही. "कागदावर आणा," म्हणाल्या. मग मी नाक्यावर क्रांतीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. क्रांती अलिबागला गेली होती, तिचा भाऊ सुजित होता. त्यानं फाइल कॉम्प्युटरवर घेतली, बटण दाबलं, कागद काढून दिला. मी आणून टेबलावर ठेवला.

बाईंनी भिंग लावलं. पट्टी पहिल्या ओळीखाली. नाव. टक. जन्मतारीख. टक. मग पट्टी जिथे सही असते तिथे आली आणि थांबली. तिथे चौकटीत साहेबाचं नाव होतं, आणि त्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह छापलेलं. बाजूला इंग्रजीत दोन शब्द, सहीची खात्री झालेली नाही अशा अर्थाचे.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

आता इथे मी माझी जीभ आवरायला हवी होती. पण बहात्तर वर्षांची वाईट सवय. मी म्हणालो, "सरकारलाच शंका दिसते, बाई. माणूस आहे की नाही!"

बाई हसल्या नाहीत. कागद त्यांनी उलटा केला, सुलटा केला, पुन्हा त्या प्रश्नचिन्हावर भिंग धरलं. मी म्हणालो, "अहो, गंमत केली. थांबा, आत्ता विचारतो." मृणालीला लिहिलं, 'आजोबा कसे आहेत?' लगेच उत्तर आलं, 'ठीक.' आणि एक अंगठा.

"ठीक," बाईंनी वाचलं. "भाऊ, प्रगतिपुस्तकात हा शेरा मी कुणाला द्यायचे माहीत आहे? जो नापास व्हायला आला असेल पण बापाला तसं सांगवत नसेल, त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईची टोपली बाईंच्या फाटकावरून तशीच पुढे आली. "बाय आज काय घेत न्हाय म्हनते. डोलं सुजलंत तिचं. तुमी काय बोल्लाव तिला?" मी काय बोललो होतो ते मी मनुबाईला सांगितलं नाही. गावात माझं कुणी ऐकून घेत नाही अशी माझी तक्रार असते; नेमकं नको ते बाईंनी ऐकलं होतं.

दहा वाजता बाई बाहेर पडल्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण शाळेच्या तपासणीला नेसायच्या ती निळी. काखेत फाइल. नाक्यापर्यंत त्या वर्षभरात चालत गेल्या नव्हत्या. मी चार पावलं मागे.

क्रांती दुकानात होती. बाईंची विद्यार्थिनी, बघताच उभी राहिली. बाईंनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "हे काय आहे ते नीट सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"बाई, हे काहीच नाही," क्रांती म्हणाली. "रोज चार लोक घाबरून येतात. परवा एक जण डिजिटल सातबारा घेऊन आला, म्हणे जमीन गेली माझी. अहो, सही करणारा साहेब आमच्या कॉम्प्युटरला ओळखीचा नाही, म्हणून तो विचारतो, हा कोण? एकदा ओळख पटवून दिली की गप्प बसतो. सुज्यानं ओळख न पटवताच प्रिंट मारली."

"दाखव."

क्रांतीनं फाइल उघडली. बाईंना खुर्ची दिली. पडद्यावर तेच पिवळं प्रश्नचिन्ह. तिनं त्यावर टिचकी मारली, एक खिडकी उघडली, तीत आणखी एक. या सहीवर विश्वास ठेवायचा का, असं कॉम्प्युटर विचारत होता. क्रांतीनं आधी साहेबाचं प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बाईंना वाचून दाखवलं, आणि मग ठेवायचा म्हणून सांगितलं. प्रश्नचिन्ह गेलं. तिथे हिरवी बरोबरची खूण आली.

बाईंनी बोटाच्या पेरानं काउंटरवर एकदा वाजवलं. टक. माझा जीव भांड्यात पडला.

"याचा अर्थ काय?" बाईंनी विचारलं.

"सही खरी आहे, आणि सही झाल्यापासून कागदात कानामात्रेचाही फरक केलेला नाही. कुणी एक अक्षर जरी बदललं असतं तर इथे लाल फुली आली असती. तुमची पट्टीच की हो ही, बाई. फक्त आपली आपण वाजते."

बाईंना ते आवडलं असावं. त्या पडद्याजवळ झुकल्या. "आणि ही तारीख?"

"सही झाली ती वेळ. अकरा नोव्हेंबर, सकाळी दहा बावीस."

"आज सतरा आहे."

"हो."

"कागद अकरा तारखेपासून बदललेला नाही. माणसाचं काय?"

क्रांती माझ्याकडे बघायला लागली. मी नाक्यावरच्या एसटीकडे बघायला लागलो.

"ते या कॉम्प्युटरला कसं कळणार, बाई," ती हळूच म्हणाली.

"बरोबर आहे. त्याचा तो विषय नाही." बाईंनी हिरव्या खुणेची नवी प्रिंट मागितली, फाइलीत ठेवली, आणि मला म्हणाल्या, "पनवेलची गाडी किती वाजता सुटते, भाऊ?"

मी बरोबर येतो म्हणालो. "तुम्ही कशाला?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खारघरचा पत्ता लिहून देऊन पहाटेच्या गाडीला मी त्यांना बसवून दिलं, तेवढंच. पिशवीत फाइल, भिंग, फडक्यात गुंडाळलेलं पॅड आणि शिक्का. फूटपट्टी पिशवीत मावत नव्हती, ती हातात.

गाडीवर सदा कंडक्टर होता. त्यानं नंतर सांगितलं, की पंचाहत्तरीच्या पुढचा प्रवास फुकट म्हणून बाईंनी आधार कार्ड काढलं. हा बघितल्यासारखं करून पुढे सरकला, तर बाईंनी पट्टीनं त्याला अडवलं. "फोटो बघ. माझ्याकडे बघ. जुळतो का? मग पुढे जा." गाडीतल्या सगळ्यांची कार्डं त्या दिवशी त्यानं नीट बघितली म्हणे. पेणपर्यंत न बघता पुढे सरकायचा त्याला धीर झाला नाही.

खारघरला काय झालं ते बाईंनी मला आजवर सांगितलेलं नाही. मी मृणालीकडून काढून घेतलं, तीन फोन करून.

दार मृणालीनं उघडलं. घरात ती आणि आजोबा दोघंच. देवव्रतराव खिडकीशी खुर्चीत बसलेले, समोर वॉकर. ते बरेच उतरले होते. पडल्यानंतर बोलणंही कमी झालं होतं. यंत्राला तर हात लावत नव्हते. घरात कुणाशी बोलायचं आणि काय ऐकायचं, असं. नातीनं लिहिलेलं 'ठीक' चुकीचं नव्हतं, पण बाईंना त्याचा आलेला वासही चुकीचा नव्हता.

बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. देवव्रतरावांनी वर बघितलं. मृणालीला वाटलं आता आजोबा काहीतरी म्हणतील. ते वॉकर धरून उठले, पावलं टाकत खोलीत गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. आतून कपाट उघडल्याचा आवाज. परत आले तेव्हा हातात जुनं खाकी पाकीट होतं. त्यातून आधार कार्ड काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. तळहात टेबलावर पालथा.

बाईंनी फाइलीतून दाखला काढला. भिंग लावलं. पट्टी पहिल्या ओळीखाली. देवव्रतराव वाचायला लागले. आवाज बसलेला, पण शब्द न् शब्द. नाव. टक. जन्मतारीख. टक. पत्ता मुरुडचाच होता अजून. टक. मग बाईंनी कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मृणाली म्हणाली, "भाऊआजोबा, मला तिथे उभंच राहवेना. मी चहा करायला गेले. चहा झाला, गाळला, तरी त्या बघतच होत्या."

मग टक.

शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. चहा घेतला. दोनच्या गाडीनं परत निघाल्या. दारापर्यंत देवव्रतराव वॉकरनं आले आणि म्हणाले, "मुरुडला येण्याची शक्यता आहे."

बाई नातीकडे वळून म्हणाल्या, "आजोबांच्या खात्याचे किती अंदाज खरे ठरायचे गं?" आणि जिना उतरायला लागल्या. बाराव्या मजल्यावरून. लिफ्ट आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; चढतानाही चालतच चढल्या होत्या.

परत आल्यावर आठवडाभर मी वाट बघितली. म्हटलं, आपण होऊन काही सांगतील. नाही. चार वाजता टेबल, खुर्ची, परवाचं वर्तमानपत्र. मला वाटलं होतं, जाऊन आल्यावर बाई जरा मोकळ्या होतील. उलट जास्तच गप्प झाल्या. आधी न दिसणाऱ्या माणसाची वाट बघत होत्या, आता त्याला बघून आल्या होत्या.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी मी रेशनकार्ड घेतलं, क्रांतीकडून त्याची झेरॉक्स काढली आणि चारच्या ठोक्याला फाटक उघडलं. सांगायला लाज वाटते, पण केस विंचरले होते.

"बसा," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. टेबलावर काचेखाली तो हयातीचा दाखला होता. भिंग हाताशीच. मी इकडेतिकडे बघितलं आणि शिक्क्यावर भिंग धरलं.

गोल. वरच्या बाजूला 'सत्यप्रत'. मध्ये 'अंबिका दिघे'. आणि त्याच्या खाली, जिथे विशेष कार्यकारी अधिकारी असं असायला हवं, तिथे कोरं. पुसट नाही, कोरंच. शिक्का बाजूलाच होता, तो उलटा करून बघितला. त्या ओळीचं रबर ब्लेडनं अगदी सफाईनं तासून काढलेलं. तासलेल्या जागेवर इतक्या वर्षांची शाई बसून ती जागा काळी झाली होती. नेमणूक संपली तेव्हाच काढलं असणार. सात वर्षं बाई देवव्रतरावांच्या कागदांवर सरकारचा नव्हे, आपला एकटीचा शिक्का मारत होत्या. आणि जो माणूस मिक्सरचं गॅरंटी कार्ड ओळ न् ओळ वाचतो, त्यानं हे वाचलं नसेल? आळीत नजर तेवढी माझीच तीक्ष्ण, अशी माझी समजूत होती.

बाई चहा घेऊन आल्या. मी भिंग जागेवर ठेवलं, पण थोडं वाकडं.

"मूळ आणलंत?"

मी रेशनकार्ड पुढे केलं.

"प्रत कुठे द्यायचीय?"

"कुठे नाही. म्हणजे... असावी आपली एक."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या चौथीतल्या पोरांकडे बघायच्या तेव्हाची ती नजर मी पाहिली होती. मग रेशनकार्ड आणि झेरॉक्स दोन्ही नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात परत दिली.

"भाऊ, गरज नसताना मी शिक्का मारत नाही."

मी कप उचलला. चहा छान होता, थोडी साखर जास्त होती. देवव्रतरावांना तशी लागायची, हे मला माहीत आहे.

उठताना बाई म्हणाल्या, "पुढच्या नोव्हेंबरात फाइल आली, की आधी क्रांतीकडे जाऊन खूण हिरवी करून आणा. मग मला दाखवा. आणि तोंड बंद ठेवा."

"येईल ना फाइल?" मी विचारलं.

"शक्यता आहे," बाई म्हणाल्या.

त्याला आता चार महिने झाले. चार वाजता मी पडवीत असतो, समोर बाई असतात, मध्ये रस्ता. मृणालीचा अधूनमधून 'ठीक' येतो, तो मी बाईंना दाखवत नाही. काल सोमवार होता. बाईंनी सकाळी पॅडचं झाकण उघडलं, शाईचे दोन थेंब टाकले, आणि झाकण लावून ठेवलं.